कोलापला विचारायचं राहून गेलं

कोलापच्या घरामागचा कालवा वाहत नाही, नुसता असतो. पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात तळाला जातो, मधल्या दिवसांत त्यात बदकं पोहतात आणि म्हशी डुंबतात. वाहणं त्याला कधी जमलं नाही, कारण तो चढाच्या दिशेने खणलेला आहे. कोलापला हे पक्कं ठाऊक, कारण खणणाऱ्यांत ती स्वतः होती.

"आमच्या तुकडीत एक इंजिनियर होता," शेवयांचं वेटोळं वाडग्यात सोडत ती गिऱ्हाइकाला सांगते. "पण पोल पोतच्या राज्यात शिकलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस. त्याने चष्मा चिखलात पुरला आणि सांगितलं, मी सायकलचं पंक्चर काढतो. मग उतार कुठे आहे ते सांगणार कोण? संघटनेने, म्हणजे पोल पोतच्या माणसांनी, बोट केलं तिकडे आम्ही खणलं. दोन वर्षं खणलं. पाणी आलं, त्याने चढ बघितला आणि म्हणालं, मला नाही बाई जमायचं."

गिऱ्हाईक नवखं असलं तर हसावं की नाही अशा पेचात तिच्या तोंडाकडे बघतं. जुनं असलं तर रश्श्याचा भुरका मारून हसतं आणि आणखी एक वेटोळं मागतं. छळछावणीच्या गोष्टी कोलाप शेवयांबरोबर फुकट वाढते. उंदीर भाजताना धूर कसा लपवायचा, चमचा कुठे खोचून झोपायचं, प्रमुखाची सायकल कालव्यात कशी गेली, सगळं. रडायचं ते सगळं तेव्हाच रडून झालं असं ती सांगते. ते काही खरं नाही, पण गिऱ्हाइकांना चालतं.

कंबोडियात बात्तंबांगच्या आसपास तांदळाच्या शेवया विकणाऱ्या बायका पुष्कळ, पण कोलापच्या रश्श्यासाठी लोक दोन गावं ओलांडून येतात. मासा, गवती चहा, हळद, नारळाचं दूध, आणि वरून केळफूल चिरून. सदुसष्टाव्या वर्षीही ती भिजवलेले तांदूळ स्वतः दळते, पीठ फडक्यात बांधून वर दगड ठेवते, सोऱ्यातून उकळत्या पाण्यात शेवया पाडते आणि कावडीच्या एका पारड्यात शेवया, दुसऱ्यात रस्सा घालून वडाखालच्या बाकांपर्यंत चालत जाते. "याच खांद्याने तेव्हा मातीची कावड वाहिली," ती म्हणते. "खांदा तोच आहे, माल सुधारला."

तिचा नवरा साम्बाथ सत्तरीचा, डोक्याने गुळगुळीत आणि तोंडाने कंजूष. पायाने उखळी चालवायची, सरपण फोडायचं आणि बायको बोलत असताना मान हलवायची, ही त्याची कामं. नातू झाल्यापासून ती त्याला आजोबा म्हणते आणि तो तिला आजी. फक्त ती चिडली की तिच्या तोंडून जुनं संबोधन निघतं, "कॉम्रेड!" ते ऐकलं की आळीतली कुत्रीसुद्धा उठून दुसरीकडे जातात.

या दोघांचं लग्न हा गावात कधी कुणाच्या डोक्यातला प्रश्नच नव्हता. तो काढला त्यांच्या मुलीने, लेखेनाने. ती तालुक्याच्या शाळेत शिकवते. कुणाच्या तरी लग्नात जेवून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, तुमच्या लग्नाचा एक तरी फोटो असेल ना गं?"

"फोटो?" कोलाप सोऱ्या धूत होती. "आमच्या लग्नात फोटोवाला आला असता तर आधी त्यालाच खणायला लावलं असतं."

लेखेना हसली नाही. तिने खाली बसून मांडामांड केली. भाताची कापणी झाली की मांडव घालायचा, वाजंत्री बोलवायची, भिक्खूंचे आशीर्वाद घ्यायचे, आईबाबांच्या मनगटांना लाल दोरे बांधायचे. ज्यांचं लग्न त्या काळात पोटात अन्न नसताना झालं, त्यांचं एकदा भरल्या पोटाने व्हायला नको का?

"बिअर असेल ना?" साम्बाथने विचारलं. त्याच्यापुरता विषय संपला.

कोलापने सोऱ्या पालथा घातला. "करू या की. पण रीतीने. आधी मागणी."

"कसली मागणी?"

"मागणी गं. मुलाकडचे मध्यस्थ घेऊन येतात, विडा-सुपारी पुढे ठेवतात, जोडीजोडीने फळं आणतात. तीन खेपा घालतात. मुलगी हो म्हणाली तर मांडव. नाही म्हणाली तर नाही."

"आई, सेहेचाळीस वर्षं तू बाबांच्या घरात राहतेस!"

"तेच म्हणते मी. सेहेचाळीस वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही. आता विचारा."

सगळे हसले. कोलापही हसली. पण त्याच संध्याकाळी तिने सोऱ्या, दोन लुंग्या आणि पानाचा डबा कावडीत घातला आणि बांबूच्या साकवावरून कालवा ओलांडून ती सिनातकडे राहायला गेली. मुलगी मागायची तर ती मुलाच्या घरात बसलेली कशी चालेल? साम्बाथ साकवाच्या अलीकडे उभा राहून बघत होता. त्याला गंमत वाटत होती. कोलापला मात्र साकवाच्या मधोमध एक गोष्ट लक्षात आली आणि तिचे पाय जरा थबकले. आपण काय उत्तर देणार आहोत, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

सिनात कोलापपेक्षा वर्षाने लहान. दोघी एकाच तुकडीत माती वाहायच्या, एकाच संध्याकाळी दोघींची लग्नं लागली. आता सिनात बदकं पाळते आणि एकटी राहते, त्यामुळे घरात पाहुणी आली, तीही नवरी, म्हणून ती हरखून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत शेजारणी जमल्या. तरण्या सुनांना ते लग्न ऐकायचं होतं.

"एक्कावन्न जोड्या," सिनातने विड्याला चुना लावत सुरुवात केली. "सगळे काळ्या कपड्यांत, सगळ्यांचे केस कानापाशी कापलेले. प्रमुख कागद बघून वाचणार, अमका नि अमकी, उठा, शपथ घ्या, बसा. शपथ कसली, तर हेक्टरी तीन टन भात पिकवू!"

"मग तुम्ही पिकवलात?" एका सुनेने विचारलं.

"मूलसुद्धा पिकवलं नाही," सिनात म्हणाली. "तोवर अंधारून आलं, आणि आपला नवरा कुठला ते निम्म्या जणींना कळेना. मी एकाचा हात धरून अर्ध्या बांधापर्यंत गेले. तो बिचारा म्हणाला, कॉम्रेड, मला दिलेली जरा ठेंगणी होती. मग परत आलो आणि बदलून घेतलं."

बायका पोट धरून हसल्या. "आणि तुमचे यजमान गेले कधी?"

"गेले म्हणजे? चालत गेले! व्हिएतनामी सैन्य आलं, पहारेकरी पळाले, त्या सकाळी आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, मी पूर्वेला जातो. मी म्हटलं, मग मी पश्चिमेला. आमच्या संसारातला सगळ्यात सुखाचा दिवस तो."

कोलापही हसत होती. पण सिनातने जे गाळलं ते तिला दिसत होतं. सिनात ते नेहमीच गाळायची आणि कोलापही गाळायची. त्या संध्याकाळी ओळीत त्या दोघींच्या मधे थावी बसली होती. थावीचं नाव पुकारलं, तिला दिलेला माणूस उठला, आणि थावी बसूनच राहिली. ती स्पष्ट म्हणाली, "मला नको." प्रमुख चिडला नाही. गोड आवाजात म्हणाला, काही हरकत नाही, कॉम्रेडला अभ्यासाला पाठवू. अभ्यासाला गेलेलं माणूस कधी परत येत नसे. सकाळी झोपडीच्या खांबाला थावीचा चमचा तेवढा लटकत होता. चमच्यांसाठी तिथे मारामाऱ्या व्हायच्या, पण तो चमचा दोन दिवस कुणी घेतला नाही. थावीनंतर लगेच पुकारा झाला तो "कोलाप आणि साम्बाथ" असा. कोलाप उठून उभी राहिली. आपण तोंडाने काय म्हणालो ते तिला आजही आठवत नाही.

पहिली मागणी रविवारी आली. मध्यस्थ होते हेमकाका, गावातली सगळी लग्नं लावणारे, वय पंचाहत्तर, आवाज मांडवभर पुरेल असा. मागे साम्बाथ इस्त्रीच्या शर्टात, त्याच्या मागे लेखेना आणि आळीतल्या बायका केळी, आंबे, डाळिंबं अशी जोडीजोडीने ताटं घेऊन. कोलाप रीतीप्रमाणे चटईच्या आडोशामागे बसली आणि चटईच्या फटीला डोळा लावला.

"आमच्याकडे एक वेल आहे," हेमकाकांनी सूर लावला, "चढायला मांडव शोधतोय. ऐकलं, या घरी एक भक्कम मांडव आहे."

"वेल कितीसा जुना?" मुलीकडची म्हणून सिनात बसली होती.

"सत्तर पावसाळे झेललेला."

"शेंड्याला पानं दिसत नाहीत एकही."

सगळे साम्बाथच्या टकलाकडे बघून हसले. साम्बाथनेही डोक्यावरून हात फिरवला. "घरकाम येतं का मुलाला?" सिनातने पुढचं विचारलं. "कालपासून भात करपवतोय असा वास साकवापर्यंत येतो." हेमकाका म्हणाले, मुलगा होतकरू आहे, शिकेल. सिनात म्हणाली, विचार करून सांगतो. पहिल्या खेपेला मुलीकडच्यांनी असंच म्हणायचं असतं. चटईमागे कोलापने तोंडात पंचा कोंबला होता. आपल्यासाठी कुणी ताटं घेऊन आलंय, आपल्या दारात कुणी ताटकळलंय, हे तिला इतकं आवडलं की ताटं परत गेल्यावर तिने त्यातलं राहिलेलं एक केळं एकटीने सावकाश खाल्लं.

दुसऱ्या खेपेला गर्दी दुप्पट झाली. गावात पैजा लागल्या होत्या. हेमकाकांचा सूर आणखी चढला, आणि शेवटी ते म्हणाले, आता मुलगा स्वतः दोन शब्द बोलेल. हे लेखेनाने ठरवलं होतं. "बाबा, काहीतरी मनातलं बोला," असं तिने वाटेत दहादा बजावलं होतं.

साम्बाथने घसा खाकरला. "लोकांना वाटतं," तो म्हणाला, "की कोलाप मला वाटणीत आली. जसं फावडं येतं तशी. तसं नाही. मी तिला मागून घेतली होती."

घराखालच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"प्रमुखाची सायकल कालव्यात गेली त्या दिवशी सगळे खाली मान घालून खणत होते. ही एकटी हसली. तोंड वळवून हसली, पण मी पाहिलं. त्या सबंध वर्षात मी दुसऱ्या कुणाला हसताना पाहिलं नव्हतं. मग मी प्रमुखाकडे गेलो. म्हटलं, मला लग्न करायचंय, ती द्या. दोनदा त्याने हाकलून दिलं. तिसऱ्यांदा नाव कागदावर लिहिलं."

साम्बाथ आयुष्यात एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. एका बाईने डोळे पुसले. हेमकाकांनी मान डोलवून सिनातकडे पाहिलं, म्हणजे आता हो म्हणा. तेवढ्यात चटई बाजूला झाली आणि कोलाप बाहेर आली. नवरीने असं बाहेर यायचं नसतं.

"तीनदा गेलात प्रमुखाकडे?"

"तीनदा," साम्बाथ अभिमानाने म्हणाला.

"त्याने वरच्याला विचारलं असेल."

"विचारलं असणार."

"म्हणजे प्रमुखाला विचारलं, वरच्याला विचारलं. सगळ्यांना विचारून झालं. आणि मला?"

साम्बाथच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला. "तुला कसं विचारणार होतो? पोरीशी बोललं तर मारून टाकत होते."

"तेव्हा बंदी होती, कबूल. नंतर पंचेचाळीस वर्षं कुणाची बंदी होती, कॉम्रेड?"

सिनातचं कुत्रं उठलं आणि बदकांच्या खुराड्यामागे गेलं.

"मला वाटायचं," कोलाप म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत होता, "आपण दोघं एकाच जाळ्यात अडकलेले मासे. त्या विचारावर मी तुमच्याबरोबर अख्खा जन्म काढला. जाळ्याची दोरी तुमच्या हातात होती हे मला आज कळतंय. थावी नाही म्हणाली, तिचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. तिच्या पाठोपाठ माझं नाव येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मी नाही म्हणाले असते तर?"

साम्बाथची नजर खालच्या ताटांवर गेली.

"ताटं उचला," कोलाप म्हणाली.

वरात आली तशी साकवावरून परत गेली. हेमकाकांचा पाय घसरला आणि दोन डाळिंबं कालव्यात पडली. वाहता कालवा असता तर ती कुठेतरी गेली असती. ती तिथेच तरंगत राहिली, आणि दोन दिवस कोलापला येताजाता दिसत राहिली.

ते दोन दिवस वाईट गेले. शेवया जाड पडल्या, रस्सा खारट झाला, आणि गिऱ्हाइकांना एकही गोष्ट ऐकायला मिळाली नाही. कोलापला राग आला होता, आणि नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. पण मधेमधे दुसरंच काहीतरी आठवायचं. तिला ताप आला तेव्हा साम्बाथने सहा दिवस दोघांच्या वाटणीची माती एकट्याने वाहिली होती. भाजलेल्या उंदराची मागची तंगडी तो तिला द्यायचा आणि आपल्याला डोकं आवडतं असं नाटक करायचा. आणि नव्या जोडप्यांचं पटतंय की नाही ते ऐकायला खांबांवरच्या झोपडीखाली प्रमुखाची माणसं येऊन बसायची, तेव्हा साम्बाथ तिच्यापासून हातभर लांब, पाठ करून पडायचा आणि खालच्यांना कुजबुज ऐकू जावी म्हणून आपल्या आईच्या रश्श्याची कृती सांगायचा. हळद किती, गवती चहा कधी टाकायचा, नारळाचं दूध शेवटी का. पोटात कांजीचं पाणी आणि कानात रस्सा. तीच कृती घेऊन ती आज दोन गावांत प्रसिद्ध होती. आणि छावणी फुटली त्या सकाळी, सगळे आपापल्या वाटेने निघाले तेव्हा, साम्बाथकडे एक पातेलं होतं आणि कोलापकडे कोठारातून उचललेले तांदूळ. पातेलं एकाचं, तांदूळ दुसरीचे, म्हणून तांदूळ संपेपर्यंत एकत्र राहिले. तांदूळ संपले तेव्हा लेखेना पोटात होती. तेव्हाही कुणी कुणाला काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सिनातच्या अंगणात उखळीपाशी असताना साम्बाथ आला. एकटाच आला. मध्यस्थ नाही, ताटं नाही. शर्ट धुतलेला होता पण इस्त्री नव्हती. तो दहा पावलांवर थांबला.

"कोलाप," तो म्हणाला. नावाने हाक त्याने तिला कित्येक वर्षांत मारली नव्हती. "मी तेव्हा तुला विचारायला हवं होतं. तेव्हा जमलं नाही तर नंतर विचारायचं. भीती वाटायची तू जाशील. आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

दोन दिवस कोलापने पुष्कळ बोलायचं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. आला तो एकच शब्द.

"नाही."

तो शब्द तिने उच्चारला आणि तिचे खांदे आपोआप वर चढले, मान आत गेली. तिने साम्बाथकडे नाही, रस्त्याकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, कोण येतंय ते. रस्त्यावरून एक माणूस सायकलवर बर्फाची लादी घेऊन गेला. बदकं ओरडत होती.

साम्बाथने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "लेखेनाला सांगतो, मांडव नको म्हणून." तो वळला, आणि मग उखळीकडे बघून थांबला. "दांडा सैल झालाय हिचा. पाचर ठोकून जाऊ?"

"ठोका."

त्याने दगड घेतला, पाचर ठोकली, दांडा हलवून पाहिला आणि साकवावरून निघून गेला. कोलाप त्याची पाठ पलीकडच्या झाडांत दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता असं रडायला लागली की सिनात धावत खाली आली.

"सिनात, मी नाही म्हटलं."

"ऐकलं मी, ताई."

"मोठ्याने म्हटलं. आणि बघ. कुणी आलं नाही."

सिनात तिच्याजवळ बसली. थावीचं नाव त्या दोघींनी सेहेचाळीस वर्षांत एकमेकींसमोर कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या तिच्याबद्दलच बोलल्या. तिची चाल, तिचं खोटं बोलणं, भेंडीची चोरी करताना ती कशी पकडली जाता जाता वाचली ते. थावी भारी विनोदी होती. दोघी पुष्कळ हसल्या.

गावाला मात्र चैन पडेना. हेमकाका समजूत घालायला निघाले होते, त्यांना साम्बाथने साकवावरच अडवलं. "तिने नाही सांगितलंय," तो म्हणाला, "परत विचारायला कुणी जायचं नाही. चिडवायचं नाही. लेखेना, तूसुद्धा नाही." मांडववाल्याला निरोप गेला, वाजंत्रीवाल्यांना गेला. हे सगळं कोलापला बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडून कळत होतं आणि ती काही न बोलता रस्सा ओतत होती. शेवया पुन्हा बारीक पडायला लागल्या होत्या.

शनिवारी सकाळी वडाखाली गर्दी होती. साम्बाथ आला आणि बाकाच्या टोकाला गिऱ्हाइकासारखा बसला. तिने वाडगं भरून दिलं. त्याने लिंबू पिळलं, केळफूल कालवलं आणि खायला लागला. लग्नाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. हवा थंड पडली म्हणाला. म्हैस व्यायला झाली म्हणाला. रश्श्यात हळद किंचित कमी पडली, असंही म्हणाला.

कोलाप त्याच्याकडे बघत उभी राहिली. या माणसाला ती नाही म्हणाली होती, आणि तो चार दिवस ते नाही सांभाळत फिरत होता, कुणाचा धक्का लागू न देता. तिने पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि लुंगीला हात पुसले.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्याशी लग्न करता का?"

बाकांवरचे सगळे भुरके एकदम थांबले. रीतीच्या पोथीत हे कुठेच नव्हतं. सिनात, जी अंडी द्यायला आली होती, ती टोपली धरून तशीच उभी राहिली.

साम्बाथने घास गिळला. त्याने वाडग्यात बघितलं, वडाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला असंच म्हणतात ना?"

"कॉम्रेड!"

कुत्री उठली. बाकांवर असा हशा उसळला की एकाच्या नाकात रस्सा गेला. साम्बाथ शांतपणे खात राहिला. त्याने शेवटची शेवई संपवली, वाडगं तोंडाला लावून रस्सा प्यायला, तोंड पुसलं. कोलापला ते चार भुरके छावणीतल्या दोन वर्षांएवढे लांब वाटले.

"झाला विचार," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "हो. पण बिअर पाहिजे."

कोलापने त्याच्या वाडग्यात आणखी एक वेटोळं सोडलं आणि वर चिमूटभर जास्तीची हळद टाकली.